नोराला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे आणि मला कसलीही घाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. तासाला चार मैल हा माझा वेग. काठावरून एखादे आजोबा कुत्र्याला फिरवत चालले असले, तर ते माझ्या पुढे निघून जातात आणि जाताना वर टोपी काढून माझा निरोपही घेतात. मला त्याचा राग येत नाही. पुढच्या लॉकपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, ते दम खात बसलेले असतात आणि मी ठक ठक करत पोचतेच.

माझं नाव नोरा. आयर्लंडमधल्या बॅरो नदीच्या काठची माणसं बगळ्याला नोरा म्हणतात. मीही बगळ्यासारखी उथळ पाण्यात तासन्‌तास उभी राहू शकते, म्हणून माझ्या पहिल्या तांडेलाने मला ते नाव दिलं. कंपनीच्या दप्तरात मला फक्त एक नंबर होता. तो मी केव्हाच विसरले.

माझा जन्म डब्लिनच्या गोदीतला. साठ फूट लांब, तेरा फूट रुंद आणि अंगभर लोखंडी पत्रा. एक जण भट्टीत रिव्हेट लालबुंद करून फेकायचा, दुसरा तो बादलीत झेलायचा आणि तिसरा थंड व्हायच्या आत ठोकून बसवायचा. दिवसभर त्यांच्या गप्पा, शिव्या आणि गाणी चालायची. माझ्या अंगात लोखंडाइतक्याच त्या गप्पाही ठोकल्या गेल्या असणार, कारण बोलायचा नाद मला तेव्हापासूनचा आहे.

मला एकाच सिलिंडरचं इंजिन बसवलं. त्याचा आवाज दोन मैलांवरून ऐकू यायचा. काठावरच्या ग्रेग गावातल्या बायका तो आवाज कानावर आला की बटाट्यांचं पातेलं चुलीवर चढवायच्या. मी धक्क्याला लागेपर्यंत बटाटे शिजलेले असायचे. इतका भरवसा आजकालच्या घड्याळांवरसुद्धा कोणी ठेवत नाही.

जाताना मी जवाची पोती न्यायची आणि येताना काळ्या बिअरची पिंपं आणायची. माझ्यावर तीन माणसं असत. पुढच्या टोकाला त्यांची इवलीशी केबिन होती. तिथेच शेगडी, तिथेच बिछाने आणि तिथेच ओले मोजे वाळत टाकलेले. एकाच बादलीत डुकराचं मांस, कोबी आणि बटाटे उकळायचे. त्या वासाने काठावरची कुत्री मैल मैल माझ्याबरोबर धावत यायची.

पिंपांची एक गंमत सांगते, पण घरी जाऊन प्रयोग करू नका. माझी माणसं पिंपाचं लोखंडी कडं हळूच ठोकून जरा वर सरकवायची. त्याखाली बारीक भोक पाडायची, किटली भरून घ्यायची, भोकात लाकडाची खुंटी मारायची आणि कडं पुन्हा खाली सरकवायची. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. डब्लिनचे साहेब दरवर्षी डोकं खाजवायचे, की या नदीवरच्या हवेत बिअर इतकी आटते तरी कशी!

आता एक महत्त्वाची गोष्ट. ती नीट ऐका, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यावर अडलं आणि तिच्यावरच सुटलं.

प्रत्येक लॉकपाशी राखणदाराचं घर असे. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. त्यात पाणी भरलं की मी वर चढते, सोडलं की खाली उतरते. पाणी भरायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात राखणदाराची बायको, ग्रेगच्या लॉकवर हेनेबरीबाई, दारात येऊन हाक मारायची.

"चहा घेणार ना रे?"

"छे हो बाई, आत्ताच झाला."

"अरे, घोटभर घ्या की!"

"नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला डोंबलाचा? किटली उकळतेय. या आत."

"बरं, तुम्ही म्हणताच आहात तर..."

आणि मग तिघंही अशा घाईने उडी मारायचे की माझा दोर बांधायचं राहून जायचं. चहाबरोबर सोडा ब्रेडचा जाड तुकडा आणि त्यावर बोटभर लोणी. अशी ती पद्धत होती. पहिलं 'नको' सभ्यपणाचं. दुसरं 'नको' समोरचा मनापासून विचारतोय की नाही हे बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की 'हो'. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस या नदीवर हावरट ठरायचा. आणि एकदाच विचारून गप्प बसणारा तर त्याहून वाईट.

माझ्यावर इंजिनाचं काम करायला लार नोलन नावाचा तरुण आला. उंच, लाजाळू आणि कानाच्या पाळ्या कायम लाल. इंजिनाशी तो जितकं बोलायचा तितकं माणसांशी कधी बोलला नाही. "चल ग बाई, चल, आज चिडू नकोस," असं म्हणत तेल घालायचा. माझ्या इंजिनाला आजवर इतक्या गोड शब्दांत कोणी समजावलं नाही. तो आल्यापासून मी वाटेत एकदाही बंद पडले नाही.

मग लॉऱ्या आल्या. माझा चार दिवसांचा माल त्या चार तासांत पोचवायच्या. कंपनीने एके दिवशी नदीवरची सगळी वाहतूक थांबवली. डब्लिनहून एक कारकून कागद घेऊन आला. तो धक्क्यावर उभा राहिला आणि घाईघाईने प्रत्येक बोटीच्या माणसांना एकच प्रश्न विचारत सुटला.

माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "ही बोट कोणाला हवीय का? हवी असेल तर न्या."

लारने टोपी काढून हातात धरली होती. त्याला मी हवी होते. केवढी हवी होते ते त्याच्या बोटांवरून मला कळत होतं, कारण दुसरा हात त्याने माझ्या कठड्यावर घट्ट दाबून ठेवला होता. पण तो म्हणाला, "छे हो साहेब, मी काय करणार एवढ्या बोटीचं?"

आणि थांबला.

कारकुनाने 'बरं' म्हणून कागदावर खूण केली आणि तो पुढच्या बोटीकडे गेला. संपलं. लार तिथेच टोपी चुरगाळत उभा राहिला. पुन्हा विचारेल, निदान जाताना तरी मागे वळेल, म्हणून वाट बघत राहिला. कारकून गाडीत बसून निघून गेला. शहरातला माणूस तो, त्याला कुठे ठाऊक असणार!

त्यानंतर काही वर्षं माझ्यातून नदीतला उपसलेला गाळ वाहून नेला. पुढे मला नदीच्या एका बाजूच्या फाट्यात नेऊन सोडलं. पावसाचं पाणी साचत साचत मी बसले खाली. वर फक्त माझं नाक राहिलं. लव्हाळे उगवले, पाणकोंबड्यांनी माझ्यात घरटी केली. वाईट वाटलं का, म्हणून विचाराल तर वाटलं. खूप वाटलं. आपल्याला कोणी नको म्हटलं तर एक वेळ सोसतं. पण ज्याला आपण हव्या होतो त्यानेच नको म्हटलं, हे वीस-बावीस वर्षं चिखलात पडून आठवत राहणं फार कठीण आहे, मित्रांनो.

लार दर रविवारी चर्चहून परत जाताना त्या फाट्यापाशी थांबायचा. पुढे त्याची मुलगी डिम्फना बरोबर येऊ लागली. तिने एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही असं काय बघता हो त्या गंजक्या नाकाकडे?"

लारने सगळी हकिकत सांगितली. कधी नव्हे तो एवढा बोलला. डिम्फना ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे कमाल केलीत! सरळ हो म्हणायला काय झालं होतं?"

"मी म्हणणारच होतो ग. तिसऱ्यांदा."

त्या उन्हाळ्यात लारने इर्जिक घातली. गवत कापायला जशी अख्खी आळी एकमेकांच्या शेतात जाते, तसे सगळे माझ्यासाठी आले. सहा ट्रॅक्टर, दोन पंप, दोरखंड, फावडी आणि बायकांनी आणलेले सँडविचचे डोंगर. वॅटी डूलिन नावाचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस कमरेइतक्या चिखलात उतरून माझ्या बुडाखाली दोर सारत होता आणि माझ्या नावाने बोटं मोडत होता. संध्याकाळी चारच्या सुमारास चिखलाने एकदाचं मला सोडलं. तेव्हा जो आवाज झाला तो अगदी असभ्य होता आणि सगळी आळी पोट धरून हसली. लार मात्र हसला नाही. तो माझ्यावर चढला, इंजिनाच्या खोलीत उतरला आणि म्हणाला, "चल ग बाई. फार वाट बघायला लावली तुला." मग त्याला रडू आलं.

तेव्हापासून मी माणसं नेते. माझ्या मालाच्या खणात बाकं आली, खिडक्या आल्या, वर हिरवा रंग चढला. ग्रेगच्या पुलाखालून निघायचं आणि सेंट मलिन्सपर्यंत जाऊन परत यायचं. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी ऐकायचं, गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या गाईंना वाट मागायची, खंड्या पक्षी दिसला की सगळ्यांनी एका बाजूला यायचं आणि वॅटीने ओरडायचं, "निम्मे जण पलीकडे व्हा हो, नाहीतर आपण सगळेच मासे बघायला जाऊ!" लोक चढताना हातात फोन घेऊन चढतात आणि दुसऱ्या लॉकपर्यंत तो खिशात गेलेला असतो. काहीही न करता तीन तास बसणारी माणसं किती सुंदर दिसतात ते मी रोज बघते. मला तरी त्याहून चांगलं दृश्य ठाऊक नाही.

लार गेला त्याला दहा वर्षं झाली. जाण्याआधी त्याने डिम्फनाला एकच गोष्ट सांगितली होती. "नोराला चालती ठेव. बांधून ठेवू नकोस, चालती ठेव." सेंट मलिन्सच्या वळणावर, नदीच्या वरच्या उतारावर, दफनभूमीत त्याची जागा आहे. बोटवाल्यांची जुनी रीत अशी की आपल्यातला कोणी जिथे असेल तिथून जाताना इंजिन बंद करायचं आणि प्रवाहाबरोबर गुमान वाहत जायचं. डिम्फना दर फेरीला तसंच करते. आता सुकाणू तिच्या हातात असतं आणि इंजिन वॅटीच्या. तो सत्त्याहत्तर वर्षांचा झाला, पण अजून तिला 'पोरी' म्हणतो. ती साठीला आली तरी त्याचं ते खपतं.

गेल्या वसंतात तपासनीस आला. भला माणूस होता. त्याने छोट्या हातोडीने माझा तळ वाजवून पाहिला. नव्या पत्र्याचा आवाज घंटेसारखा असतो. माझा आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. त्याने दोनदा वाजवला, बहुधा मला संधी देत होता. मग तो म्हणाला, "डिम्फनाबाई, पत्रा फार पातळ झालाय. या सप्टेंबरअखेरपर्यंत परवाना देतो. पुढच्या वर्षी नवा तळ असल्याशिवाय मला माणसं चढवू देता येणार नाही."

तळ घालायचा तर कोरडी गोदी हवी, जुन्या बोटी कळणारा कारागीर हवा. असा कारागीर आमच्याकडे उरला नव्हता. गावच्या सुशोभन समितीने मात्र ताबडतोब तोडगा काढला. मला पुलाशेजारच्या हिरवळीवर चढवायचं आणि माझ्यात फुलं लावायची! स्वच्छ गावांच्या स्पर्धेत म्हणे हमखास गुण मिळतील. माझ्यात जिरॅनियम! ज्या खणात मी शंभर शंभर पिंपं वाहिली तिथे खत आणि गांडुळं! ऐकून माझ्या रिव्हेटांना घाम फुटला.

"चांगली माणसं आहेत ती, त्यांना कुणाचं वाईट नाही करायचं," डिम्फना म्हणाली.

"मेलेल्या माणसाच्या अंगावरच फुलं घालतात, पोरी," वॅटी म्हणाला.

जुलैत एक पाहुणा आला. वीबे त्याचं नाव, हॉलंडचा. शॅनन नदीकाठची एक जुनी गोदी त्याने त्याच वर्षी चालवायला घेतली होती. तो बाकावर बसलाच नाही. माझ्या अंगावरून हात फिरवत, गुडघ्यावर बसून रिव्हेट मोजत फिरत राहिला. वॅटीला त्याने इंजिनाविषयी इतके प्रश्न विचारले की वॅटी, ज्याला एरवी हवामानाखेरीज कशावरच बोलायला आवडत नाही, तोही खुलला. त्यानेच तळाचं दुखणं सांगून टाकलं.

परत धक्क्याला लागल्यावर वीबे सरळ डिम्फनाकडे गेला. "माझी गोदी हिवाळ्यात रिकामी असते. चांगला पत्रा पडून आहे. बोट माझ्याकडे आणा. मी नवा तळ घालून देतो. मला काही नको, मला हे काम करायचं आहे. आणता का?"

डिम्फनाचं तोंड उघडलं. मला माझ्या सगळ्या दोरांमधून जाणवलं की आता ती हो म्हणणार. आणि ती काय म्हणाली?

"अहो छे! एवढं कसं घ्यायचं तुमच्याकडून? तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," वीबे म्हणाला. त्याने तिचा हात हातात घेऊन हलवला, माझ्या कठड्यावर एकदा थाप मारली आणि निघाला.

डिम्फना टोपी चुरगाळत उभी राहिली. होय, मित्रांनो, टोपीच! बापाचीच सवय ती. वाट बघत राहिली, की हा आता मागे वळेल. गाडीचं दार लागलं. गाडी पूल ओलांडून गेली.

"गेला?" वॅटीने इंजिनाच्या खोलीतून डोकं वर काढून विचारलं.

"गेला."

"पुन्हा नाही विचारलंन?"

"नाही."

"अग पण..." वॅटी खाली बसला. "देवा रे! त्यांच्याकडे 'नको' म्हणजे नकोच असतं की काय?"

मला त्या संध्याकाळी इतका राग आला, इतका राग आला! बापाला नावं ठेवणारी ती हीच ना? सरळ हो म्हणायला काय झालं होतं, असं विचारणारी? पण राग फार वेळ टिकला नाही. सुकाणूवर डोकं टेकून ती किती वेळ तशीच बसली होती. माझ्या लोखंडावर पाणी पडत होतं आणि पाऊस तर नव्हता.

"फोन कर त्याला," दुसऱ्या दिवशी वॅटी म्हणाला.

"आणि काय सांगू? काल नको म्हटलं, आज द्या म्हणून? आपण होऊन हात पसरायचा? मला नाही जमणार ते."

"मग मी लिहितो पत्र."

"तू? लिही बापडा."

वॅटीने खरंच पत्र लिहिलं. माझ्यावरच बसून, पेन्सिल चाटत, तीन संध्याकाळी लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणत होता म्हणून मला सगळं ठाऊक आहे. पहिल्या पानावर पाऊस. दुसऱ्यावर बटाट्यांवर पडलेला करपा आणि हर्लिंगच्या सामन्यात पंचाने केलेला अन्याय. तिसऱ्यावर त्याच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी जागा उरली नाही, तेव्हा कडेला बारीक अक्षरात त्याने लिहिलं, 'बोट अजून तरंगते आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तिची अखेरची फेरी. आपण खुशाल असाल अशी आशा.' मग त्याने हुश्श केलं.

"झालं. आता यापेक्षा स्पष्ट काय लिहिणार?" तो म्हणाला.

ऑगस्ट गेला. उत्तर आलं नाही. समितीची माणसं टेप घेऊन आली आणि हिरवळीवर माझी लांबी मोजून खुंट्या ठोकून गेली.

शेवटच्या रविवारी अख्खं गाव चढलं. हेनेबरीबाईंची नात आंबटगोड रुबार्बचे केक घेऊन आली. मी इतकी भरले होते की पाणी कठड्याच्या वीतभर खाली होतं. दोर सोडायला वॅटी वाकला, तेवढ्यात पुलावर एक गाडी थांबली आणि वीबे धावत आला.

"मला हवामानाचं पत्र आलं," तो म्हणाला. "तीन वेळा वाचलं. काय करायचं ते कळलं नाही. म्हणून आलो."

वॅटीने डिम्फनाकडे अशा तोऱ्यात पाहिलं की जसा काही त्याने किल्ला जिंकला होता.

आम्ही निघालो. नदी त्या दिवशी कशी होती काय सांगू! पिवळी पानं पाण्यावर पडत होती, बंधाऱ्याशी पाणमांजर पाठीवर पोहत होतं आणि माझ्यापुढे माझ्याच नावाचा बगळा एका वळणावरून दुसऱ्या वळणावर उडत, थांबत, पुन्हा उडत मला वाट दाखवत होता. काठावरच्या प्रत्येक फाटकापाशी माणसं उभी होती. कोणी हात हलवले नाहीत. आमच्याकडे हाताचं एक बोट वर करतात, तेवढंच. पण त्या दिवशी त्यांनी बोट बराच वेळ खाली घेतलं नाही.

सेंट मलिन्सचं वळण आलं. डिम्फनाने हात वर केला, वॅटीने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. मी नुसती वाहत होते. कोणी खोकलंसुद्धा नाही. अशा वेळी डिम्फना चहा वाटते. बापाला आवडायचा म्हणून. सुकाणू हेनेबरीच्या नातीकडे देऊन ती किटली घेऊन फिरत फिरत वीबेपाशी आली.

"चहा?"

"नको," वीबे म्हणाला.

"घ्या हो थोडा."

"नको, खरंच."

"अहो, घोटभर तरी!" आणि तिने कप भरून त्याच्या हातात दिलासुद्धा.

वीबे कपाकडे बघत राहिला. "मी दोन वेळा नाही म्हणालो."

"हो, पण ते म्हणायचंच असतं. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कोण हो म्हणतं?"

शांततेत हे सगळं बोटीला ऐकू गेलं. वीबेने कप बाकावर ठेवला. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो हिशेबी माणूस, पत्रा जोडावा तसा विचार जोडत होता.

"जुलैमध्ये मी तुम्हाला तळाबद्दल विचारलं," तो सावकाश म्हणाला. "किती वेळा?"

डिम्फनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अगदी लारसारख्या. "एकदा," ती म्हणाली.

"एकदाच." वीबे उठून उभा राहिला. "मग आता विचारतो. बोट माझ्याकडे आणता का?"

सगळ्या बोटीने श्वास रोखला. आणि माझी ही बाई, माझी शहाणी, साठ वर्षांची बाई, काय म्हणाली असेल?

"अहो नको, तुमचा अख्खा हिवाळा..."

ती स्वतःच दचकली. तोंडावर हात ठेवला. सवय ती, जिभेला हाड नसतं ते असं! वीबे डोकं खाजवायला लागला. जणू त्याला कोणी फारच मोठं कोडं घातलं होतं. मी वाहत वाहत वळणाच्या टोकाशी आले होते. लारची जागा मागे पडायला लागली होती.

"अरे बाबा, अजून एकदा विचार की रे!" वॅटी इंजिनाच्या खोलीतून एवढ्या मोठ्याने ओरडला की बगळा उडाला. "तीन! आमच्यात तीन मोजतात!"

"आणता का," वीबे म्हणाला, "बोट माझ्याकडे?"

डिम्फनाने वर पाहिलं. त्या उतारावरच्या दगडांकडे, जिथे टोपी हातात धरून आयुष्यभर दुसऱ्या विचारण्याची वाट बघणारा माणूस निजला होता.

"हो," ती म्हणाली. "हो. आणते. मला हवीय ती. मला फार हवीय."

नदीवर इतक्या सरळ शब्दांत कोणी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. काही जणांनी तर संकोचून पाण्याकडे पाहिलं. मग कोणीतरी नाक शिंकरलं, कोणीतरी हसलं आणि वॅटी खाली उतरला. "चल ग बाई," तो म्हणाला. लारचेच शब्द होते ते. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

आता फेब्रुवारी आहे. मी शॅननकाठच्या गोदीत लाकडी ओंडक्यांवर बसले आहे. खाली वाकून वीबे माझा शेवटचा पत्रा बसवतो आहे. काल त्याने तो वाजवून पाहिला. घंटेसारखा आवाज आला. डिम्फना आणि वॅटी दर आठवड्याला येतात. वीबे त्यांना चहा विचारतो आणि बोटावर मोजत विचारतो. एक, दोन, तीन. परवा वॅटीने गंमत म्हणून तिसऱ्यांदाही 'नको' म्हटलं, तर तो बिचारा पार गोंधळून गेला. पुलाशेजारच्या हिरवळीवर समितीने काही जुनी घमेली मांडून फुलं लावली आहेत. छानच दिसतात म्हणे. घमेल्यांना शोभतात.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात, गावात माझ्यासारखं काही जुनं असेल. एखादं यंत्र असेल, झाड असेल, माणूस असेल. तुम्ही जाऊन विचाराल, काही हवंय का? ते म्हणेल, छे, मला काय लागतंय आता. तुम्हीही घाईत असाल, म्हणाल बरं आणि जाल. तसं करू नका. मी एका 'बरं'पायी वीस-बावीस वर्षं चिखलात काढली आहेत, म्हणून कळवळून सांगते. थोडं थांबा. पुन्हा विचारा.

आता मलाच विचारून बघा ना. नोरा, या वसंतात पुन्हा येशील का ग नदीवर?

छे, काहीतरीच! या वयात?

अहो नको, उगाच कशाला तुम्हाला त्रास...

विचारा की अजून एकदा.